पाटाखालचा तुकडा

त्र्याण्णव सालची दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. सकाळची बारामतीची एस.टी. अंथुर्ण्याच्या फाट्यावर आली आणि तिथंच अडकली, कारण पुढच्या रस्त्यावर मेंढरं होती. शे-दीडशे तरी असतील. त्यांच्यामागं बिऱ्हाड लादलेली दोन घोडी, घोडीवर बांधलेल्या कोंबड्या, एक तान्हं पोर आणि तीन कुत्री. धनगरांचा वाडा कोकणाच्या वाटेला लागला होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. मेंढरं हॉर्नला भीत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

मी ट्रंक आणि वळकटी घेऊन उभा होतो. शेजारी माझे वडील, तात्या. ते मला पोचवायला आले होते, पण मेंढरं बघितल्यावर त्यांना राहवलं नाही. हातातली पिशवी माझ्याकडं देऊन ते रस्त्यात उतरले आणि जीभ टाळ्याला लावून त्यांनी एक बारीक आवाज काढला. पुढचा मेंढा वळला आणि त्याच्यामागं सगळा कळप शहाण्यासारखा कडेला झाला. आमची मेंढरं विकून तेव्हा सतरा-अठरा वर्षं झाली होती. एस.टी.तले लोक कौतुकानं हसले, आणि मला उगाचच लाज वाटली. तेवीस वर्षांचा इंजिनियर होतो, लाज वाटायला तेवढं पुरे होतं.

वाड्याच्या म्होरक्यानं विचारलं, “तात्या, ट्रंकबिंक घिऊन लेकाला कुठं धाडताय?”

“त्यो बी वाड्यालाच चाललाय,” तात्या म्हणाले. “जरा लांब हाय. दोन दिस जात्यात वाटंत.”

“मग यील की मिरगाच्या आत.”

“यील की. न यिऊन जातुय कुठं?” आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “मिरगाच्या आत येशील नव्हं, बिरू?”

मी म्हणालो, “व्हय.”

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं उठून गेलेल्यांनो, मला जे सांगायचंय ते त्या एका ‘व्हय’बद्दलच आहे. तुमच्यातल्या कितीजणांनी फाट्यावर उभं राहून असंच काहीतरी म्हटलं असेल, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी माझ्यापुरतं कबूल करतो. मी खोटं बोललो होतो, आणि बोलताना मला ते पक्कं माहीत होतं.

आता आमचा वाडा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण शहरातल्या माणसाला वाडा म्हटलं की चिरेबंदी भिंती दिसतात. आमच्या वाड्याला भिंतच नसते. मेंढरं, घोडी, बायकापोरं असं ते चालतं बिऱ्हाड. दिवाळी झाली की निघायचं, कोकणात उतरायचं, कुणाकुणाच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची आणि मृग लागायच्या आत गावी परतायचं. मी त्यात पाच वर्षांचा होईपर्यंतच होतो, आणि तेही बहुतेक घोडीवर बसून. पुढं आमच्या रानापर्यंत पाटाचं पाणी आलं. तात्यांनी मेंढरं विकली, रान सपाट केलं, ऊस लावला, साखर कारखान्याचे सभासद झाले. पण माणूस थांबला तरी त्याची चाल थांबत नाही. आईला ताप आला की तात्या म्हणायचे, “आज तिची मजल हुयाची न्हाय.” माझी धाकटी बहीण सुमन शाळेत पहिली आली तेव्हा म्हणाले, “पोरगी कळपाच्या म्होरं चालतीया.” तसा मीही परमुलखात निघालो म्हणजे वाड्यालाच निघालो. त्यांच्याकडं दुसरा शब्दच नव्हता.

खरं तर मी जिथं निघालो होतो ते होतं कोइमतूर, तामिळनाडूतलं. पंपाच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनियर. घरात मी ‘ट्रेनिंग’ एवढंच सांगितलं होतं. त्याच्या पुढची ओळ, म्हणजे दीड वर्षानं कायम करणार आणि नंतर तिथंच राहायचं, ती मी पोटात ठेवली. दुसरी गोष्ट ह्याहून वाईट. आमच्या रानात वारा तिकडून असला की वालचंदनगरच्या कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. तात्यांची इच्छा साधी होती. “वालचंदनगरला लाग. सायकलीवर जाऊन येशील, दुपारची भाकरी घरची ऱ्हाईल.” मी म्हणालो, अर्ज केलाय. केला नव्हता. भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरावर मला राहायचं नव्हतं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. घरात कुणाचा जाच नव्हता, भांडण नव्हतं. सगळ्यांचा जीव होता माझ्यावर. कदाचित त्या जिवाचंच ओझं झालं असेल. माझं मन पळायला बघत होतं, आणि पळणाऱ्याला कारण लागत नाही.

तात्या बारामतीपर्यंत आले. वाटेत सगळा वेळ परमुलखात कसं राहायचं ते सांगत होते. “तान लागायच्या आदी पान्याची जागा बघून ठिवायची.” “नव्या गावात पयल्या दिशी कुत्र्याशी दोस्ती करायची, मानसं मागनं येत्यात.” मी मान हलवत होतो आणि लोकांनी ऐकू नये म्हणून खिडकीकडं तोंड करून बसलो होतो. बारामतीच्या स्टँडवर दौंडची गाडी लागली तेव्हा ते नुसते म्हणाले, “जा.” आमच्यात निघालेल्याला थांब म्हणत नाहीत. पुढं काही बोलायचं होतं की नाही कोण जाणे. एस.टी. हलली, आणि मी वळून बघितलं तर ते स्टँडवरच्या नळाला तोंड लावून पाणी पीत होते.

कोइमतूरला पोचल्यावर पहिला दणका बसला तो हिंदीचा. मला वाटलं होतं, हिंदीवर भागेल. तिथं माझी हिंदी आणि घोडीचं खिंकाळणं एकाच किमतीचं होतं. मेसमध्ये केळीच्या पानावर वाढपी भात ओतत राहिला आणि मी खात राहिलो, कारण थांबवायचं कसं ते कळेना. ‘पोदुम’, म्हणजे बास, हा मी शिकलेला पहिला तमिळ शब्द. पोटानं शिकवलेला असल्यामुळं तो कधी विसरलो नाही. आणि हसू नका, पण कुत्र्याशी दोस्ती मी खरंच केली. गल्लीच्या तोंडाशी एक तांबडं कुत्रं बसायचं, त्याला रोज बिस्कीट टाकायचो. आठवड्याभरात त्याच्या मालकानं मला हाक मारली, “तंबी.” तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्याच्याच अंगणातली मागची खोली मला भाड्यानं मिळाली. तात्यांना हे पत्रानं कळवलं, तेव्हा सुमनचं उत्तर आलं की तात्या आठ दिवस गावात हीच गोष्ट सांगत होते.

ते शहर मला आवडलं, हे सांगायला इतकी वर्षं मला संकोच वाटायचा. सकाळची हवा थंड, पाणी गोड, माणसं कामाला वाघ. आमच्या फाउंड्रीतला साठीचा मोल्डर ओतकामाच्या साच्यावर अशा मायेनं हात फिरवायचा की मला आईचं भाकरी थापणं आठवायचं. ज्वारीही मिळाली. तिकडं तिला चोळम म्हणतात आणि तिची उकड करून खातात. मी पीठ आणून स्टोव्हवर भाकरी थापली. पहिली जळाली, दुसरी मोडली आणि तिसरी भाकरी होती असं म्हणायला हरकत नाही. घरमालकानं अंगणातला शेवगा छाटला, तेव्हा त्याची एक फांदी मी न्हाणीच्या सांडपाण्याजवळ खोचून ठेवली. पोचल्यावर महिनासुद्धा झाला नव्हता. शेवग्याची फांदी कुठंही लागते, म्हणून खोचली. ह्यापेक्षा जास्त विचार केला नव्हता, असं मी पुढं दोन वर्षं स्वतःला सांगत आलो.

मार्चमध्ये सुमनचं पत्र आलं. ख्यालीखुशाली झाल्यावर शेवटी लिहिलं होतं, “दादा, पाटाखालच्या तुकड्यात तात्यांनी ऊस लावला नाही. हरभरा काढला आणि रान मोकळं ठेवलंय. म्हणतात, बिरू आल्यावर तो ठरवील.”

ह्यातली गोम तुम्हाला सांगतो. आमच्यात रीत होती की भाऊ वाड्याला गेला की त्याच्या माघारी त्याच्या रानात लांबचं पीक घ्यायचं नाही. ज्वारी, हरभरा घ्या, पण मृगाला रान मोकळं पाहिजे, म्हणजे परत आलेला माणूस आपलं आपण ठरवील. मागं राहिलेल्यानं परस्पर काही लावलं, तर त्याचा अर्थ, तू आलास काय आणि न आलास काय, असा व्हायचा. पाटाखालचा दोन एकरांचा तुकडा मी शिकत असल्यापासून तात्या ‘बिरूचा’ म्हणायचे. रान काळं, पाणी पायाशी. ऊस लावला तर एक लागण आणि तिच्याच बुडख्यांवरचे दोन खोडवे, म्हणजे चार वर्षं तिकडं बघायचं काम नाही. असं रान तात्यांनी माझ्या ‘व्हय’वर मोकळं सोडलं होतं.

मी रजा टाकून जूनमध्ये गेलो. पोचलो त्याच दिवशी सकाळी तात्या मला तुकड्यात घेऊन गेले. नांगरून, कुळवून, ढेकूळ राहू न देता रान तयार करून ठेवलं होतं. बांधावर उभं राहून म्हणाले, “सांग, काय लावायचं?”

ते बोलायचं ठिकाण होतं आणि तीच वेळ होती. मी म्हणालो, “भुईमूग लावू या की.”

तात्यांना इतका आनंद झाला की मला पुढं काही बोलता येईना. भुईमुगाचं बी त्यांनी त्याच दुपारी आणलं. आठ दिवसांनी मी परत निघालो, तेव्हा म्हणाले, “ट्रेनिंग हाय व्हय अजून? असू दे. वाडा मिरगाला घरी येतुय आनि तू मिरगाला निघालायस. उलटाच फिरतुयास.” आणि स्वतःच हसले. मीही हसलो. असल्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या वर्षी तेच झालं. ह्या वेळी कायम झाल्याचं पत्र माझ्या बॅगेत होतं. आईला दाखवावं म्हणून आणलं होतं, पण दाखवलं नाही. तात्या बांधावर उभे राहिले आणि मी मका म्हणालो. पलीकडच्या रानातले एक काका तात्यांना चिडवत होते, “पाटाचं पानी आनि मका? तात्या, भिकंचं डव्हाळं लागलं काय?” तात्या म्हणाले, “रान बिरूचं हाय. त्याच्या मनानं चालायचं.”

त्या दिवशी सुमननं मला गोठ्याच्या मागं गाठलं. अठरा वर्षांची होती, पण रागावली की आईपेक्षा मोठी दिसायची.

“दादा, तू येनार हायस का?”

मी कुडाची एक काडी उपसून मोडायला लागलो.

“मग तात्यास्नी सांग. त्ये रोज त्या रानात एक चक्कर मारत्यात. लोक हसत्यात त्यास्नी.”

“सांगतो.”

“कवा?”

“तूच सांग की,” मी म्हणालो. एवढा शिकलेला भाऊ, आणि म्हणाला काय तर तूच सांग.

“मी न्हाय सांगायची,” ती म्हणाली. “व्हय तू म्हनलायस.”

त्या वर्षी दिवाळी झाली आणि सुमनचं कार्ड आलं. तात्या कोइमतूरला यायला निघालेत, अमुक गाडीनं. खाली वेगळ्या शाईनं एक ओळ होती, “मी काही सांगितलेलं नाही.”

कोइमतूरच्या प्लॅटफॉर्मवर पांढरं धोतर, तांबडा फेटा आणि खांद्यावर घोंगडी असा माणूस उतरला तेव्हा हमालसुद्धा बाजूला झाले. तात्या खुशीत होते. “गाडीत समद्यांनी जागा दिली. फेटा बघून कोन तरी मोठा मानूस वाटलो असंल. भाषा कळंना, पर भाकरी दिली की मानूस हसतंय, त्ये हितं बी तसंच हाय.” दीड दिवसाच्या प्रवासात त्यांनी आईनं बांधून दिलेल्या भाकरीतली निम्मी डब्यातल्या लोकांना वाटली होती.

खोलीवर आल्यावर हातपाय धुवायला ते न्हाणीकडं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी जाऊन बघितलं तर शेवग्यापाशी उभे होते. झाड आता छपराच्या वर गेलं होतं. त्यांनी बुंध्यावर हात फिरवला, जिथं मी छाटलं होतं तिथली गाठ अंगठ्यानं चाचपली, आणि म्हणाले, “शेंगा चांगल्या लागत असतील.” मी म्हणालो, लागतात. तेवढंच बोलणं झालं. त्या दिवशी त्याच शेंगांचं सांबार त्यांनी दोनदा मागून घेतलं.

रविवारी मी त्यांना गावाबाहेर फिरायला नेलं. शहरात त्यांचा जीव रमेना. रस्ते ओलांडताना ते माझा हात धरायचे आणि ते मला सहन होईना. बसनं शेवटच्या थांब्यावर उतरून आम्ही पायी निघालो. पीक काढलेल्या एका शेतात कामट्यांच्या जाळ्यांचं कोंडवाळं केलं होतं आणि आत मेंढरं होती. तात्या थबकले.

“बसवल्यात,” ते म्हणाले. “खतासाठी बसवल्यात की रं.” जणू घरचंच कुणी भेटलं होतं.

मेंढरांचा मालक पन्नाशीचा, काळासावळा, डोक्याला टॉवेल. नाव पळनिसामी. तात्यांचा फेटा आणि घोंगडी बघून तो आपणहून पुढं आला. तात्या आत शिरले, एका मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि मला म्हणाले, “हिच्या अंगावर लोकरच न्हाय. नुसती केसं. थंडीत करती काय बिचारी?” मी ते तमिळमध्ये सांगितलं. पळनिसामी हसला, म्हणाला, इथं थंडी पडतेच कुठं. मी ते मराठीत सांगितलं. मग दोघंही बांधावर बसले आणि मी मधे उभा राहून इकडचं तिकडं करू लागलो. किती मेंढरं होती, कुठवर जायचात, कुत्री किती. त्यांचं जमलं होतं. मधेच तात्या माझ्याकडं बघत होते. मी तमिळ बोलतोय हे ते पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मी ती अडखळत बोलत नव्हतो.

पळनिसामीनं विचारलं, मेंढरं विकली का? तात्या म्हणाले, सांग त्याला, पाट आला, रान केलं. त्यावर तो म्हणाला, त्याचाही मुलगा शहरात मिलमध्ये आहे, मेंढरांकडं फिरकत नाही. आणि मग माझ्याकडं बोट करून विचारलं, “तुमच्यामागं ते रान कोण बघणार? हा तंबी?”

मी ते मराठीत सांगितलं नाही.

“काय म्हनतुय?” तात्यांनी विचारलं.

त्या शेतात दोन्ही भाषा कळणारा मी एकटाच होतो. तो विचारतोय ऊस किती होतो, असं सांगितलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळलं नसतं. तोंडावर आलंच होतं ते. पण तात्या इतक्या विश्वासानं माझ्या तोंडाकडं बघत होते की मला ते जमेना.

“तो विचारतोय,” मी म्हणालो, “तुमच्यामागं तुमचं रान हा पोरगा बघणार का.” आणि थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. “तात्या, मी न्हाय यायचो माघारी. मला हितंच ऱ्हायचंय. पयल्यापासनं ठरवलं हुतं मी. वालचंदनगरला अर्ज बी केला न्हवता.”

तात्या मेंढरांकडं बघत राहिले. पळनिसामीला शब्द कळले नाहीत, पण काय चाललंय ते कळलं असावं; तो उठून उगाच जाळी सारखी करायला लागला.

“ठावं हाय,” तात्या म्हणाले. “शेवगा बघितला की मी. दोनदा छाटलाय. म्हंजी आल्या आल्या लावलायस. वाड्यावरचा मानूस झाड लावत न्हाय, बिरू. त्याच्या शेंगा खायाला थांबतुय कोन?”

“मग तवाच इचारलं का न्हाय?”

“इचारलं असतं तर तू पुन्यांदा व्हय म्हनला असतास.”

मी खाली बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही. तात्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. घोंगडीचं टोक माझ्या गुडघ्यावर टाकलं आणि म्हणाले, “त्यो मानूस उत्तराची वाट बघतुय. त्याला सांग, माझं रान मी बघतुय अजून. आनि त्याची ती कडंची मेंढी लंगडतीया, खुरात काय तरी शिरलंय म्हनावं.”

मी सांगितलं. पळनिसामीनं मेंढी धरून आणली. तात्यांनी तिला मांडीवर उताणी पाडून खुरातला काटा काढला, आणि पळनिसामीनं त्यांचे हात धुवायला कळशीतलं पाणी ओतलं.

तात्या आणखी चार दिवस राहिले. मी कारखाना दाखवला. पंप कसा तपासतात ते त्यांनी मन लावून बघितलं आणि पाण्याचा लोट पडला तसा हातानं ओंजळ भरून चव घेतली. त्या विषयावर ते पुन्हा बोलले नाहीत. स्टेशनवर मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, पाण्याची बाटली दिली. गाडी सुटायच्या वेळी मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “खोलीच्या दाराची खालची फट बुजव. साप शिरंल.”

पुढच्या मृगाला मी गेलो नाही. गेलो नाही म्हणजे, जायचं कारणच उरलं नव्हतं. त्या सबंध महिन्यात मी टपालाची वाट बघत होतो. काय लावायचं असं कुणी विचारील, असं वेड्यासारखं वाटत होतं. कुणी विचारलं नाही. श्रावणात सुमनचं कार्ड आलं. “पाटाखालच्या तुकड्यात तात्यांनी ऊस लावला. लागण चांगली उगवली आहे. तुला कळवायला सांगितलं.”

दोन वर्षं मला हेच हवं होतं. ते कार्ड मी कारखान्याच्या गेटपाशी उभं राहून वाचलं आणि तिथल्याच कट्ट्यावर बसलो. माझ्या जागी ऊस लागला होता. माझ्यावाचून ठरलं होतं, आणि ते मीच मागून घेतलं होतं. पाळीवर जाणारी माणसं बाजूनं चालली होती, त्यातल्या एकानं खांद्यावर हात ठेवून विचारलं, “एन्न आच्चु, तंबी?” काय झालं? मी म्हणालो, घरी ऊस लावला. तो म्हणाला, मग चांगलंच झालं की.

दिवाळीला घरी गेलो. ऊस छातीएवढा झाला होता, हिरवागार, आणि तात्या मला बांधानं पुढं घेऊन चालले होते. वाटेत तेच काका भेटले, मक्यावरून चिडवणारे. मला बघून म्हणाले, “आला का वाड्यावरनं? आता ऱ्हानार नव्हं?”

मी तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, “न्हाय. त्याचं घर तिकडं हाय आता. चार दिस आलाय.”

तात्यांनी हे अगदी सहज सांगितलं, जसं आपण सांगतो की पाटाला पाणी सुटलंय. मग माझ्याकडं न बघता पुढं चालू लागले. मी मागं मागं चालत होतो. वाईट वाटत होतं आणि सुटल्यासारखंही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

ह्याला आता तीन वर्षं होत आली. सुमन लग्न होऊन लोणी भापकरला गेली, आता कार्ड कुणाकडून तरी लिहून घेतात, दर वेळी अक्षर वेगळं. आईचं दुखणं, म्हशीचं वेत, पाटाची पाळी, सगळं त्यात असतं. मला कुणी काही विचारत नाही. माझं मत मागत नाहीत, मी कधी येणार हेही नाही. ठरवतात, करतात, आणि मग कुणाला तरी समोर बसवून तात्या सांगतात, “लिही, बिरूला कळीव.” माझं घर आता एवढंच उरलंय. तेवढ्यासाठी मी रोज दुपारी टपालाची वाट बघतो.